फुटलेला मॅनिफोल्ड : धातूची ओळख आणि वेल्डिंगच्या कांडीची निवड

बंगळूर शहराच्या आग्नेय भागात सर्जापूर रोड नावाचा एक रस्ता आहे. इब्लूर चौक ओलांडून कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, कार्मेलराम, दोम्मसंद्र अशा वस्त्या मागे टाकीत तो आनेकल तालुक्यातील सर्जापूर या गावी पोहोचतो. दोन्ही बाजूंस संगणक-उद्योगाच्या कचेऱ्या आणि उंच निवासी इमारती उभ्या आहेत; परंतु यांपैकी पुष्कळ इमारतींना लागणारे पाणी कूपनलिकांतून अथवा टँकरमधून येते. मार्च २०२४ मध्ये पाण्याची टंचाई इतकी वाढली की, जिल्हा प्रशासनाला टँकरचे दर ठरवून द्यावे लागले. पाण्याने भरलेली मालमोटार वाहनांच्या गर्दीत खालच्या गिअरमध्ये तासन्‌तास चालते, थांबते, पुन्हा चालते. अशा इंजिनाच्या ज्या भागावर उष्णतेचा मारा सर्वांत अधिक होतो, त्यांपैकी एक म्हणजे निष्कास-मॅनिफोल्ड. त्याला तडा गेला आणि तो बदलून मिळेना, म्हणजे गाडी वेल्डिंगच्या दुकानासमोर येऊन उभी राहते.

तेथे कारागिराने पहिला प्रश्न कोणता विचारावा, हा या पुस्तिकेचा विषय आहे. कोणती कांडी वापरू, हा प्रश्न दुसरा होय. पहिला प्रश्न असा : हा धातू कोणता?

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळालेले वायू एका तोंडाने बाहेर पडतात. ही सर्व तोंडे एकत्र आणून वायू एकाच नळीत सोडणारा जो फाटेदार भाग इंजिनाच्या बाजूस बोल्टांनी आवळलेला असतो, त्यास मॅनिफोल्ड म्हणतात. आकार ओबडधोबड, रंग गंजलेला, त्यामुळे त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तथापि त्याची नोकरी मोठी कठीण आहे. डिझेल इंजिनावर पूर्ण भार असताना त्यातून जाणारे वायू साधारणपणे ५०० ते ७०० अंश सेल्सिअस इतके तापलेले असतात. पेट्रोल इंजिनात ते याहूनही तप्त असतात आणि कधीकधी मॅनिफोल्ड लाल झालेला अंधारात दिसू शकतो. इंजिन बंद केले की, हाच भाग पुन्हा हाताला सोसेल इतका थंड होतो.

या ताप-थंडाव्याचे गणित शाळेतील विद्यार्थ्यालाही करता येण्यासारखे आहे. बिडाची एक मीटर लांबीची पट्टी एक अंशाने तापविली असता सुमारे ०.०११ मिलिमीटरने वाढते. मॅनिफोल्ड ६० सेंटिमीटर लांब असेल आणि त्याचे तापमान ६०० अंशांनी वाढले, तर ०.६ गुणिले ०.०११ गुणिले ६००, म्हणजे जवळजवळ ४ मिलिमीटर वाढ झाली पाहिजे. परंतु ज्या सिलिंडर-शीर्षावर तो आवळलेला असतो, त्याला पाण्याने थंड ठेवलेले असते आणि ते इतके वाढत नाही. बोल्ट धरून ठेवतात, धातू पसरू पाहतो. थंड होताना उलट ओढाताण होते. म्हणूनच बोल्टांची भोके थोडी सैल ठेवलेली असतात आणि सहा सिलिंडरांच्या मोठ्या इंजिनांवर पुष्कळदा मॅनिफोल्ड दोन-तीन तुकड्यांचा, एकमेकांत सरकणाऱ्या सांध्यांचा असतो. गंजाने हे सांधे धरले, अथवा कोणी बोल्ट गरजेपेक्षा अधिक आवळले, की तडा जाण्यास वेळ लागत नाही.

तडा गेल्याची खूण म्हणजे थंड इंजिन सुरू करताना येणारा टक्‌-टक्‌ असा आवाज. इंजिन तापल्यावर फट मिटते आणि आवाज नाहीसा होतो. त्यामुळे चालकाला वाटते, दोष आपोआप गेला. फटीच्या कडेला काजळीची काळी रेघ मात्र राहते. ही गोष्ट केवळ आवाजाची नाही. निष्कास वायूंत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक आसक्तीने जखडला जातो. ज्या मालमोटारींत इंजिन चालकाच्या पायांखाली किंवा शेजारी असते, तेथे मॅनिफोल्डची फट म्हणजे चालकाच्या खोलीत उघडलेले धुराडेच. डोके जड होणे, झापड येणे ही लक्षणे उन्हाची आणि श्रमाची समजून सोडून दिली जातात. पेट्रोल इंजिनाच्या वायूंत हे विष डिझेलपेक्षा पुष्कळ अधिक असते, हेही येथे सांगून ठेवले पाहिजे.

आता धातूकडे वळू. मॅनिफोल्ड बहुधा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. (बीड जिल्ह्याशी या शब्दाचा संबंध जोडू नये.) बीड म्हटले की मराठी वाचकाला किर्लोस्करवाडी आणि कोल्हापूर ही नावे आठवणे साहजिक आहे. १९१० मध्ये वसविल्या गेलेल्या किर्लोस्करवाडीत बिडाचे नांगर तयार झाले. कोल्हापुरात उसाचे चरक आणि शेतीच्या पाण्याची तेल-इंजिने यांची दुरुस्ती करता करता कारागीर स्वतःच ओतकाम करू लागले आणि शिवाजी उद्यमनगरातून वाढलेला हा धंदा आज शिरोली व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत मोटारींच्या कारखान्यांसाठी ओतीव भाग तयार करतो. दक्षिणेकडे म्हैसूर संस्थानाने भद्रावती येथे काढलेली झोतभट्टी १९२३ पासून लाकडी कोळशावर कच्चे लोखंड देऊ लागली होती. बीड हा आपल्याकडील कारागिराचा जुना सोबती आहे. पण त्याच्या अंगी एक हट्ट आहे आणि तो कार्बनमुळे आलेला आहे.

साध्या मऊ पोलादात कार्बनचे प्रमाण पाव टक्क्याहून कमी असते. करड्या बिडात ते अडीच ते चार टक्के असते, शिवाय एक ते तीन टक्के सिलिकॉन. एवढा कार्बन लोखंडात विरघळून राहू शकत नाही. तो ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपाने धातूभर पसरतो. हे पापुद्रे म्हणजे धातूच्या पोटातील असंख्य बारीक चिराच समजाव्यात. त्यांच्यामुळे बीड चांगले कापले जाते, हादरे गिळते, ओतताना साच्याच्या कानाकोपऱ्यांत शिरते. पण ओढले असता ताणले जात नाही, तुटते. पोलादाची पट्टी तुटण्यापूर्वी वीस टक्के किंवा त्याहून अधिक लांबू शकते, तर करडे बीड एक टक्काही लांबत नाही.

अशा बिडावर मऊ पोलादाच्या साध्या कांडीने वेल्ड केले तर काय होते, ते पाहा. विद्युत-प्रज्योतीच्या उष्णतेने कांडीबरोबर मूळ बीडही वितळते. वेल्डमध्ये बिडाचा हिस्सा ३० टक्के आणि त्यातील कार्बन साडेतीन टक्के धरला, तर वेल्डच्या धातूत एक टक्क्याहून अधिक कार्बन येतो. म्हणजे मऊ पोलाद म्हणून घातलेला धातू प्रत्यक्षात हत्याराच्या पोलादासारखा होऊन बसतो. भोवतालच्या थंड बिडामुळे तो झपाट्याने निवतो आणि काचेसारखा कडक होतो. त्याच्यावरून कानस नुसती घसरते. वितळरेषेच्या लगत असलेल्या बिडातील कार्बनला ग्रॅफाइट होण्यास अवधीच मिळत नाही, आणि तेथे पांढऱ्या बिडाची एक कडक, ठिसूळ पट्टी तयार होते. एवढ्यात वेल्ड आकसू लागतो. आकसणाऱ्या वेल्डला कोणीतरी ताणून साथ दिली पाहिजे. बीड ती देऊ शकत नाही. परिणामी नवा तडा वेल्डमध्ये न पडता त्याच्या शेजारी, जुन्या तड्याला समांतर असा पडतो. पुष्कळदा तो ‘टिंग’ असा आवाज करून कारागिराच्या देखतच पडतो. मग वेल्ड मजबूत होता, बीडच खराब होते, अशी समजूत करून घेतली जाते. खरे पाहता निवड चुकलेली असते.

मात्र समोरचा प्रत्येक मॅनिफोल्ड करड्या बिडाचाच असेल, असे धरून चालता येत नाही. १९४३ मध्ये अमेरिकेतील इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या प्रयोगशाळेत कीथ मिलिस यांनी वितळलेल्या बिडात थोडे मॅग्नेशियम मिसळले, तेव्हा ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोल गोळ्यांच्या रूपाने जमलेले आढळले. गोळ्यांमुळे धातूला चिरा पडल्यासारखे होत नाही. तो पुष्कळ चिवट बनतो. यालाच गोलग्रॅफाइटी बीड, कारखान्यांच्या भाषेत एस.जी. आयर्न, म्हणतात. अलीकडील अनेक इंजिनांवर याच बिडात सिलिकॉन वाढवून व मॉलिब्डेनम घालून केलेले मॅनिफोल्ड असतात. टर्बोचार्जर जोडलेल्या काही इंजिनांवर भरपूर निकेल असलेले बीड वापरतात. आणि हलक्या मोटारींवर अगंज पोलादाच्या नळ्या व पत्रे जोडून केलेले मॅनिफोल्डही सर्रास दिसतात. एकाच दुकानात सकाळी एक आणि दुपारी दुसरा धातू येऊ शकतो.

ओळखीची सुरुवात डोळ्यांनी करावी. ओतलेल्या भागावर वाळूच्या साच्याचा खरबरीतपणा, दोन साचे जुळले तेथील उंचवट्याची रेघ आणि बहुधा उठावाचे आकडे असतात. नळ्या वाकवून केलेल्या भागावर हे नसते. तेथे वेल्डचे सांधे दिसतात व भिंत पातळ असते. नंतर लोहचुंबक लावावा. यावर लोक नको तितका भरवसा ठेवतात, म्हणून चुंबक काय सांगतो व काय सांगत नाही हे नीट समजून घ्यावे. करडे बीड, गोलग्रॅफाइटी बीड आणि मऊ पोलाद ही तिन्ही चुंबकाला चिकटतात. अगंज पोलादांपैकी १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले, ३०४ किंवा ३२१ क्रमांकांचे, चिकटत नाही. वाकविलेल्या जागी मात्र थोडीशी ओढ जाणवू शकते. परंतु सुमारे ११ टक्के क्रोमियमचे ४०९ क्रमांकाचे पोलाद, जे निष्कास-नळ्यांत फार वापरतात, ते चांगलेच चिकटते. तेव्हा ‘चिकटले म्हणजे साधे लोखंड’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. निकेलयुक्त बिडाचेही काही प्रकार चिकटतात, काही चिकटत नाहीत.

यानंतर छिन्नी. जेथे खाच पडली तरी चालेल अशा कडेला छिन्नी लावून हलका घाव घालावा. पोलादाची सलग, वळलेली साल निघते. करड्या बिडाचे बारीक तुकडे उडतात. छिद्रक चालविला तर करड्या बिडाचा काळसर भुगा पडतो आणि तो बोटांवर चोळला असता शिसपेन्सिलीसारखा डाग पडतो. तो डाग म्हणजे वर सांगितलेले ग्रॅफाइटच होय. तुटलेला तुकडा हाती असेल, तर त्याचा ताजा भंगही पाहावा : करड्या बिडाचा भंग गडद राखी असतो. गोलग्रॅफाइटी बीड वेगळे काढण्यास कान उपयोगी पडतो. भाग दोरीने टांगून हातोडीने टिचकी मारली असता ते घंटेसारखे नादते, तर करड्या बिडाचा आवाज बसका येतो. ग्रॅफाइटचे पापुद्रे कंपने गिळून टाकतात. अर्थात तडा गेलेला भाग कोणत्याही धातूचा असला तरी बसकाच वाजणार, एवढे ध्यानात ठेवून ही परीक्षा वापरावी.

सर्वांत देखणी परीक्षा ठिणग्यांची. माक्स बेर्मान नावाच्या बुडापेस्ट येथील अभियंत्याने १९०९ मध्ये दाखवून दिले की, घासचक्रावर धरलेल्या लोखंडाच्या ठिणग्यांवरून त्याचा प्रकार ओळखता येतो. घासचक्र धातूचे सूक्ष्म कण तोडते; ते हवेत तापून पेटतात आणि त्यांतील कार्बन जळून वायू झाला की कण फुटतो. तेच आपल्याला चांदणीसारखे दिसते. मऊ पोलादाच्या ठिणग्या लांब, पांढरट पिवळ्या व सरळ जातात आणि त्यांना मधूनच फाटे फुटतात. करड्या बिडाची धार आखूड असते. चाकाजवळ ती लालसर, पुढे गवती पिवळी होत जाते आणि टोकाला बारीक चांदण्यांचा दाट फुलोरा येतो. १८-८ च्या अगंज पोलादाच्या ठिणग्या आखूड, नारिंगी झाकेच्या असून फुलोरा जवळजवळ नसतो. निकेलच्या तर अगदी तोकड्या, न फुटणाऱ्या नारिंगी रेषाच दिसतात. ही परीक्षा मंद उजेडात, डोळ्यांवर चष्मा लावून करावी. चाकात दुसऱ्या धातूचे कण अडकलेले नसावेत; आणि वर्णन पाठ करण्यापेक्षा ओळखीच्या धातूंचे चार-पाच तुकडे दुकानात टांगून ठेवून शेजारी शेजारी घासून पाहणे केव्हाही श्रेयस्कर. शाळेच्या प्रयोगशाळेत हा नमुनासंच अगदी थोड्या खर्चात तयार होऊ शकेल.

आणखी एक गोष्ट पाहावयाची राहते : धातू जिवंत आहे की जळून गेला आहे? करडे बीड वर्षानुवर्षे ५५० अंशांच्या वर तापत राहिले, म्हणजे त्यातील लोह-कार्बाइड फुटून आणखी ग्रॅफाइट तयार होते. पापुद्र्यांच्या वाटेने हवा आत शिरून भोवतालचे लोखंड गंजते आणि बीड कायमचे फुगते. असा मॅनिफोल्ड घासला तरी चकाकत नाही, खपल्या निघत राहतात, प्रज्योत लावली की धातू एकजीव न होता बुडबुडतो. त्यावर कोणतीही कांडी चालत नाही. मालकाला तसे स्पष्ट सांगणे हीच त्या वेळची उत्तम कारागिरी, मग दुसऱ्या दुकानात तो भाग कोणी जोडून का देईना.

आता कांडी. करड्या बिडासाठी निकेलच्या गाभ्याची कांडी प्रचारात आहे, आणि त्यामागील कारण सुंदर आहे. निकेल कार्बनशी कडक कार्बाइड करीत नाही. वितळलेल्या निकेलने बिडातून घेतलेला कार्बन निवताना ग्रॅफाइटच्या रूपाने बाहेर टाकला जातो. त्यामुळे वेल्ड मऊ राहतो, कानशीने कापला जातो आणि आकसताना स्वतः ताणला जाऊन शेजारच्या बिडावरचा ताण हलका करतो. या कांड्या मुख्यतः दोन प्रकारच्या मिळतात. एकीत जवळजवळ शुद्ध निकेल असते, दुसरीत सुमारे ५५ टक्के निकेल व उरलेले बहुतेक लोखंड. जेथे पातळ भिंत एकाच थरात भरून नंतर कापावयाची असते, तेथे पहिली बरी. परंतु मॅनिफोल्डसाठी आमचा कौल निकेल-लोखंडाच्या कांडीला आहे : तिचा वेल्ड अधिक बळकट होतो, तापताना होणारे त्याचे प्रसरण बिडाच्या अधिक जवळचे असते, आणि गोलग्रॅफाइटी बिडासही तीच मानवते. त्यामुळे दोन बिडांतील भेद निश्चित करता आला नाही, तरी फारसे बिघडत नाही. किंमत मात्र साध्या कांडीच्या अनेक पट पडते.

पितळी कांडीने झाळणे सोपे असते आणि इंजिनाच्या थंड भागांवर ते उत्तम ठरते. पण ते पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळते आणि त्याच्या पुष्कळ आधीच त्याचे बळ गळून जाते. मॅनिफोल्डवर ते टिकत नाही. अगंज पोलादाची कांडी बिडावर वापरण्याची चालही काही ठिकाणी आहे. सांधा प्रथम चकचकीत दिसतो. तथापि क्रोमियम हे कार्बनचे लोभी आहे, ते कडक कार्बाइड बनविते. शिवाय या पोलादाचे प्रसरण बिडाच्या दीडपटीहून अधिक असल्याने प्रत्येक ताप-थंडाव्याला सांधा उसवत जातो. बिडाला बिडाचीच कांडी, हाही एक जुना आणि खरा मार्ग आहे. त्यात संपूर्ण भाग भट्टीत ६०० ते ६५० अंशांपर्यंत तापवून, वायूच्या ज्योतीने व द्रावक चूर्ण वापरून सिलिकॉनयुक्त बिडाच्या कांडीने भरतात आणि कोरड्या वाळूत अथवा राखेत पुरून रात्रभर निवू देतात. सांधा मूळ धातूशी एकरूप होतो, परंतु रस्त्याकडेच्या दुकानाला हे झेपत नाही.

निकेल-लोखंडाच्या कांडीने काम करताना घाई वर्ज्य. प्रथम भाग तेल-काजळीपासून स्वच्छ करून थोडा तापवावा, म्हणजे पापुद्र्यांत मुरलेले तेल निघून जाईल. तड्याच्या दोन्ही टोकांच्या किंचित पुढे सुमारे ३ मिलिमीटरचे भोक पाडावे. तडा पुढे सरकावयाचा थांबतो. नंतर कानशीने किंवा छिन्नीने व्ही-आकाराची चर काढावी. येथे घासचक्राचा मोह टाळलेला बरा, कारण ते ग्रॅफाइट पृष्ठभागावर लेपून टाकते. सर्व तोंडे जाड पोलादी पाटावर किंवा जुन्या सिलिंडर-शीर्षावर बोल्टांनी बसवावीत, नाही तर ती वाकडी होतील. प्रवाह कमी ठेवून एका वेळी २५ मिलिमीटरच वेल्ड घालावा, तो लाल असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके देऊन पसरवावा, आणि हात लावता येईल इतके निवेपर्यंत थांबून पुढचा तुकडा दुसऱ्या जागी घालावा. ठोके देण्याने आकसणारा धातू ताणला जातो. ज्यांना तापवूनच काम करावयाचे असेल त्यांनी सबंध भाग सुमारे ३०० अंशांपर्यंत सारखा तापवावा व शेवटी चुन्यात अथवा राखेत पुरावा. थंड रीत किंवा तप्त रीत, यांपैकी कोणतीही एक घ्यावी. एका कोपऱ्यावर ज्योत मारून उरलेला भाग थंड ठेवणे हे दोहोंपेक्षा वाईट.

अगंज पोलादाच्या मॅनिफोल्डचे शास्त्र निराळे व तुलनेने सोपे आहे. ३०४ साठी ३०८ एल कांडी, टायटॅनियमयुक्त ३२१ साठी ३४७, आणि ४०९ किंवा मऊ पोलादाच्या तोंडपट्टीशी जोड असेल तेथे ३०९ एल. ‘एल’ हे अक्षर कार्बन अल्प असल्याचे दर्शविते. वेल्डशेजारचा धातू ४५० ते ८५० अंशांमध्ये रेंगाळला, तर क्रोमियम कार्बनशी मिळून कणांच्या सीमांवर बसते व तेथे गंजरोधकता उरत नाही. म्हणून उष्णता कमी द्यावी. टंगस्टन-प्रज्योतीने जोडताना नळीच्या आतूनही आर्गॉन सोडावा.

मॅनिफोल्डचे काम इंजिनावरून भाग काढूनच करावे. नव्या गाड्यांत प्राणवायू-संवेदक आधी काढून ठेवावा. निकेल आणि क्रोमियम यांचा धूर फुप्फुसांस घातक आहे. दुकानाचे दार उघडे असणे पुरेसे नाही, धूर तोंडापासून दूर ओढून नेणारा पंखा हवा. काम झाल्यावर सरळपट्टी ठेवून तोंडे एका पातळीत आहेत का ते पाहावे, नसल्यास यंत्रावर घासून घ्यावीत. तोंडे बंद करून आत हलक्या दाबाची हवा भरावी व सांध्यावर साबणाचे पाणी लावावे. फट राहिली असेल तेथे बुडबुडे येतील. नवी गास्केट घालून बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, उत्पादकाने सांगितलेल्या बलाने आवळावेत, आणि इंजिन पहिल्यांदा तापून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा तपासावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिन सुरू करताना, टक्‌-टक्‌ आवाज येतो की नाही हे कान देऊन ऐकावे.